रोजच्या गोळीचे वेळापत्रक : पाळणा लांबविण्याच्या 'फक्त प्रोजेस्टिन' गोळीविषयी

सभासद बंधू-भगिनींनो,

लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया असे विषय घेऊन आम्ही या पानावर येत असतो. आज उसाचे सोडून हे काय काढले, असे कोणी म्हणेल. पण विषय फडातच निघाला, म्हणून फडातल्या माणसानेच तो लिहावा असे वाटले.

मागील गळीत हंगामात आम्ही एका प्लॉटवर तोड पाहायला गेलो होतो. टोळीतील एका बाईने पदराआडून गोळ्यांचे पाकीट पुढे केले. "साहेब, तणनाशकाच्या डब्यावरचं वाचून दाखवता, तसं हे वाचा की. नर्सबाईनं गावाकडं सांगितलं होतं, पण आता ध्यानात न्हाई." मूल अंगावर पिणारे, आठ महिन्यांचे. गोळी सकाळी उठल्यावर घ्यायची एवढे तिला माहीत. पण हंगामात उठण्याची वेळ कुठली? गाडी लागली की पहाटे तीन, नाहीतर सहा. भरणी रात्रीची असली की दुसऱ्या दिवशी गोळीच विसरायची. पाकिटात चार गोळ्या जास्त उरल्या होत्या. चिठ्ठी इंग्रजीत होती. आम्ही वाचली खरी, पण अर्धवट माहितीवर सल्ला देणे बरे नव्हे, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी समजावले ते येथे देत आहोत.

गोळी कोणती?

आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेली माला-एन ही दोन संप्रेरकांची गोळी. तिच्या पाकिटात २१ गोळ्या औषधाच्या व ७ लोहाच्या असतात. आपण ज्या गोळीविषयी बोलतो आहोत तिच्यात प्रोजेस्टिन हे एकच संप्रेरक असते. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने माला-एनसारखी गोळी सहसा देत नाहीत. ही एकेरी गोळी मात्र चालते, दूध कमी होत नाही. हल्ली बहुधा डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहून देतात. पाकिटात २८ गोळ्या, सगळ्या औषधाच्या. एक पाकीट संपले की दुसऱ्या दिवशी नवे सुरू. मध्ये खंड नाही, पाळी आली तरी नाही.

'छाया' ही गोळी वेगळी. तिच्यात संप्रेरक नसते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घेतात. एकीचा नियम दुसरीला लावू नये.

वेळेला एवढे महत्त्व का?

पाटपाणी आणि ठिबक यांतला फरक आपण जाणता. पाटाचे पाणी भरपूर बसते, जमिनीत ओल राहते. ठिबकचे पाणी थोडे पण रोजचे. संच बंद पडला की मुळाशी लगेच ताण पडतो. या गोळीचे तसेच आहे. मात्रा लहान, शिल्लक राहत नाही. डेसोजेस्ट्रेलने स्त्रीबीज बाहेर पडणे थांबते व गर्भाशयाच्या मुखाशी चिकट स्राव दाट होतो. गोळी लांबली की हा बांध ढिला पडतो. काटेकोर घेतल्यास वर्षाला शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. चुकतमाकत घेतल्यास सुमारे सात जणींना जातात.

सुरुवात

पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू केल्यास त्याच दिवसापासून भरवसा. बाळंतपणानंतर २१ दिवसांच्या आत सुरू केल्यासही तसेच. एरवी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून सुरू करावी व पहिले ७ दिवस निरोध वापरावा.

गोळी चुकली तर

समजा वेळ रात्री ८ ची आहे.

१) सकाळी ८ च्या आत, म्हणजे १२ तासांत आठवले : लगेच घ्यावी. पुढची रात्री ८ लाच. काळजी नाही.

२) १२ तासांपेक्षा जास्त उशीर : आठवताच एक घ्यावी, पुढची ठरल्या वेळी. एका दिवसात दोन झाल्या तरी चालते. दोन-तीन दिवसांच्या चुकल्या असतील तरी मागची एकच घ्यावी, सगळ्या एकदम गिळू नयेत. पुढे ७ दिवस निरोध. मधल्या काळात संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावे. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी.

३) लेव्होनॉर्जेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉनच्या जुन्या एकेरी गोळीत ही मुदत फक्त ३ तासांची. म्हणून पाकिटावरचे नाव वाचून घ्या.

४) गोळीनंतर तीन-चार तासांत उलटी झाली तर गोळी चुकली असेच धरावे. जोराचे जुलाब झाले तरी निरोध वापरावा.

क्षयाचे रिफाम्पिसिन, फिटांचे फेनिटॉइन वा कार्बामाझेपिन यांनी गोळीचा जोर कमी होतो. ही औषधे चालू असल्यास आधी सांगावे. स्तनाचा कर्करोग झालेल्या, यकृताचा मोठा आजार असलेल्या किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होणाऱ्या बाईने ही गोळी घेऊ नये.

पाळीचे भय

या गोळीने पाळी अनियमित होते. कधी डाग पडतात, कधी महिनोन्महिने पाळीच येत नाही. नेमके इथेच बायका घाबरतात आणि गोळी सोडतात. गोळ्या नियमित असतील तर हे बहुधा आजाराचे लक्षण नव्हे. शंका वाटल्यास लघवीची तपासणी करावी. जास्त रक्त जात असेल किंवा ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हे आम्ही मुद्दाम लिहितो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ साली पुढे आले व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीची तक्रार आणि खाडा पडण्याची धास्ती, एवढ्यावरून कोणी पिशवी काढायला सांगितले तर सरकारी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

आमची सूचना

उठण्याची वेळ बदलते, भोंग्याची बदलत नाही. गाडीतळावरील भगिनींनी रात्री आठच्या भोंग्याला गोळी घ्यावी. लांबच्या फडावर मोबाईलचा गजर लावावा. पाकीट कोपीत न ठेवता कमरेच्या पिशवीत असू द्यावे, आणि गाव सोडतानाच हंगाम पुरेल इतका साठा नर्सबाईला वा आशाताईला विचारून घ्यावा. मालकांनीही "घेतलीस का?" एवढे विचारावे; संसार दोघांचा आहे.

त्या बाईची तपासणी केली, दिवस गेलेले नव्हते. आता भोंगा झाला की शेजारच्या कोपीतल्या दोघी तिलाच विचारतात, "घेतली का गं?"

आपला,
ऊस विकास अधिकारी