उंदराची जात ओळखणारी आनुवंशिक खूण

एखाद्या रोगाचे जंतू उंदरांच्या एका जातीत आढळतात, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीत क्वचितच आढळतात. म्हणून रोगनिवारणाचे काम हाती घेण्यापूर्वी प्राण्याची जात निश्चित करणे अगत्याचे असते. रंग, शेपटीची लांबी व पावलांचे माप यांवरून जात ओळखण्याची रीत जुनी आहे. परंतु पिलांच्या किंवा कुजलेल्या प्राण्यांच्या बाबतीत ती पुष्कळदा फसते.

अशा वेळी आनुवंशिक खूण उपयोगी पडते. प्राण्याच्या पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात व त्यांत स्वतंत्र डीएनए असतो. त्यातील सायटोक्रोम बी या जनुकाची घडण बहुधा जातीगणिक निराळी असते. कानाचा किंवा शेपटीचा लहानसा तुकडा मद्यार्कात ठेवून प्रयोगशाळेत पाठविला जातो. तेथे या जनुकाच्या भागाच्या असंख्य प्रती तयार करून त्याचा क्रम वाचतात आणि ज्ञात जातींच्या क्रमाशी ताडून पाहतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यातील डीएनए खराब होतो. म्हणून या कामी मद्यार्कच वापरावा.

या पद्धतीचे महत्त्व पश्चिम आफ्रिकेतील लासा तापावरून ध्यानात येते. या रोगाचा विषाणू १९६९ साली नायजेरियात प्रथम आढळला. उंदराच्या मलमूत्राने दूषित झालेल्या अन्नातून व वस्तूंतून तो मनुष्यास होतो. तेथील बहुस्तनी उंदराच्या दोन जाती दिसण्यात जवळजवळ सारख्याच आहेत. एकीत ३२ गुणसूत्रे असतात, तर दुसरीत ३८. गिनी देशातील १८ ठिकाणांहून पकडलेल्या १,४८२ उंदरांच्या तपासणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९६ उंदरांत विषाणू सापडला आणि ते सर्व ३२ गुणसूत्रांच्या, घरांत राहणाऱ्या जातीचे होते. त्यामुळे धान्य झाकून ठेवणे व घरातील उंदरांचा बंदोबस्त करणे यांवर भर देण्यास भक्कम आधार मिळाला. पुढे २०१६ साली दुसऱ्या जातीतही विषाणू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. यावरून अशी तपासणी एकदाच करून भागत नाही, हे सिद्ध होते.

लासा ताप आपल्याकडील रोग नव्हे. तथापि कोकणातील भातशेतीत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्याचे जंतू उंदीर व घुशी यांच्या मूत्रातून चिखलात मिसळतात व त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. गुरे, डुकरे व कुत्री यांच्या मूत्रातूनही ते पसरतात. घुशीचे पिलू व मोठा घरउंदीर यांत गफलत होणे सहज शक्य आहे. तेव्हा रोगवाहक जातींचा शोध घेताना हीच खूण उपयोगी ठरते.

ग्रामसेवक व शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, हातमोजे वापरावेत.

२. आरोग्य किंवा पशुसंवर्धन खात्याने नमुना मागितल्यास त्यासोबत गाव, तारीख आणि घर की शेत याची नोंद न चुकता द्यावी.

३. हातापायांवर जखम असल्यास ती झाकून व गमबूट घालूनच चिखलात उतरावे.

४. चिखलातील कामानंतर ताप आल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व आपण चिखलात काम केल्याचे डॉक्टरांस सांगावे.

जात ठरविण्याचे काम प्रयोगशाळेचे आहे. परंतु नमुना कोठून आला याची नोंद चुकीची असेल, तर अचूक तपासणीही गावाच्या उपयोगी पडत नाही.