नवग्रहांतले आठ

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. अंबाबाईच्या देवळात गेलं की आवारातल्या नवग्रहांना हात जोडूनच बाहेर पडायचं, ही आमच्या आईची शिस्त. मी शाळेत नऊ ग्रह पाठ केले. आता सहावीतली मुलगी म्हणते, बाबा, ग्रह आठच आहेत. आईचे नऊ, माझे नऊ आणि मुलीचे आठ. यांतले खरे कोणते?

उत्तर : आईचे नऊ आणि तुमचे नऊ हे मुळात एक नव्हेत. दोन्ही याद्या शेजारी-शेजारी लिहून बघा. आईच्या यादीत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू आणि केतू. तुमच्या यादीत बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून आणि प्लुटो. दोन्हीकडे सापडणारी नावं पाचच आहेत. उरलेली चार तिची वेगळी, चार तुमची वेगळी. बेरीज दोन्हीकडे नऊ आली, म्हणून शाळेतले ग्रह तेच देवळातले ग्रह असा समज होऊन बसला.

जुन्या यादीमागचा प्रश्न साधा होता. रात्रीच्या आकाशात हजारो तारे एकमेकांपासूनची अंतरं न बदलता फिरतात. त्यांच्यामधून सरकत जाणारे कोण? डोळ्यांना असे सात दिसले. मग त्यांचं वर्गीकरण झालं ते चालीवरून. चंद्र २७ दिवसांत फेरी पुरी करतो, रवी वर्षात, मंगळ दोन वर्षांच्या आत, गुरू बारा वर्षांत, आणि शनीला जवळजवळ तीस वर्षं लागतात. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा. त्याच्या नावातच त्याचा वर्ग सांगितला आहे. साडेसातीचा हिशेबही यातूनच निघतो : तीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, आणि तीन राशींची साडेसात.

तुमच्या पेठेचं नावही याच यादीतून आलं आहे. सातही ग्रह मंद ते जलद असे मांडा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस होरे, म्हणजे तास, याच क्रमाने एकेकाला वाटत जा. शनिवारचा पहिला तास शनीचा. सातांच्या तीन फेऱ्यांत एकवीस तास संपतात, तीन उरतात, ते शनी, गुरू आणि मंगळाकडे जातात. दुसऱ्या दिवसाचा पहिला तास येतो रवीकडे, म्हणून शनिवारनंतर रविवार. तसंच पुढे मोजत गेलात की सोम, मंगळ, बुध असा आठवडा आपोआप उलगडतो. मुलीला कागद-पेन्सिल देऊन हे करायला लावा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा शेवटचा शुक्रवार जागेवर येऊन बसला, त्याचा आनंद अजून आठवतो. शनिवार पेठ, रविवार पेठ, बुधवार पेठ असं हिंडताना तुम्ही त्या जुन्या यादीतूनच चालत असता.

गुरूची चाल तर आपल्या जिल्ह्यात नदीकाठी साजरी होते. गुरू कन्या राशीत आला की नृसिंहवाडीला कृष्णेचं कन्यागत असतं. मागचं २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, त्याआधीचं २००४ मधलं. गुरूची फेरी नेमकी बारा वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची आहे. सात फेऱ्या ८३ वर्षांत होतात, म्हणून अधूनमधून असा पर्वकाळ अकराव्या वर्षीच येतो. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ मध्ये भरला तो याच कारणाने.

राहिले राहू आणि केतू. त्यांना ना अंग ना प्रकाश. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी साधारण पाच अंशांनी कललेली आहे, आणि त्या दोन वाटा जिथे छेदतात ते हे दोन बिंदू. सूर्य-चंद्र या बिंदूंजवळ असले तरच ग्रहण होतं. बिंदूही स्थिर नसतात, उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत फेरी पुरी करतात. ज्यांना ग्रहणाचं गणित करायचं होतं, त्यांनी या सरकणाऱ्या बिंदूंना ग्रहांच्या पंगतीत बसवलं. ग्रह आणि ग्रहण दोन्ही एकाच धातूतून आलेले शब्द, अर्थ धरणं. न दिसणारी गोष्ट केवळ गणिताने ओळखून तिला नाव देणं ही मोठी बुद्धी आहे, आणि आईसोबत हात जोडताना ती आठवावी असं मला मनापासून वाटतं.

पत्रिकेवरून माणसाविषयी सांगता येतं का, हा मात्र वेगळा प्रश्न. तो तपासून पाहणारा शास्त्रज्ञ तुमच्याच गावात जन्मला : जयंत नारळीकर, १९ जुलै १९३८, कोल्हापूर. २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना वर्गवारी करायला दिल्या. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. सत्तावीस जणांची उत्तरं आली आणि त्यांतली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवून ठरवलं असतं तर निम्मी बरोबर आली असती.

प्रश्न : मग प्लुटोला का काढलं? त्यात असं काय बदललं?

उत्तर : प्लुटोत काहीच बदललं नाही, बदलली ती आपली माहिती. ‘हकालपट्टी’ हा शब्द तेव्हा फार वापरला गेला, मला तो आवडत नाही. यादीतून नाव निघण्याची ही पहिली वेळही नव्हती. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला आणि पुढे तो मान्य होत गेला, तसा रवी यादीतून गेला, चंद्र उपग्रह झाला आणि पायाखालची पृथ्वीच ग्रह ठरली. त्या उलथापालथीपुढे प्लुटोचं प्रकरण अगदीच लहान.

दुसरा दाखला सेरेसचा. १ जानेवारी १८०१ ला खगोलशास्त्रज्ञ पियाझीला मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये तो दिसला. लोकांनी त्याला ग्रह म्हटलं, पुस्तकांत घातलं. पुढच्या सहा वर्षांत त्याच पट्ट्यात आणखी तीन सापडले, १८४५ नंतर तर रांगच लागली. मग लक्षात आलं की हा एकटा ग्रह नाही, हा एका गर्दीतला मोठा दगड आहे. तेव्हा लघुग्रह हा वेगळा वर्ग केला गेला.

प्लुटोच्या बाबतीत हेच दीडशे वर्षांनी पुन्हा घडलं. १९९२ पासून नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाळ गोळे सापडू लागले. २००५ मध्ये एरिस सापडला. त्याचा व्यास २,३२६ किलोमीटर, प्लुटोचा २,३७७. वजनाला मात्र एरिस सव्वापटीहून थोडा जास्तच. प्लुटो ग्रह असेल तर एरिस का नाही? आणि उद्या आणखी सापडले तर? २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मतदान घेऊन तीन अटी ठरवल्या. सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या गुरुत्वाने गोल व्हावं, आणि आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असावा. प्लुटो पहिल्या दोन अटींत बसतो, तिसरीत नाही. अशांसाठी नवा वर्ग झाला, त्याला मराठीत बटुग्रह म्हणतात. मुंजीतल्या बटूची आठवण करून देणारा हा शब्द फार चांगला जमला आहे. प्लुटो, एरिस, सेरेस, हाउमिया आणि माकेमाके हे आजचे पाच मान्य बटुग्रह. सेरेसची तर दोनशे वर्षांत ही तिसरी जागा.

तिसऱ्या अटीचे शब्द ढिले आहेत, हे मान्य केलं पाहिजे. गुरूच्या कक्षेतही हजारो लघुग्रह त्याच्या पुढेमागे चालतात, मग त्याने परिसर साफ केला असं कसं म्हणायचं? पण शब्दांमागचा विचार पक्का आहे. पृथ्वीच्या कक्षेच्या पट्ट्यात जे काही सुटंसुटं आहे ते सगळं एकत्र केलं तरी पृथ्वी त्याच्या सुमारे सतरा लाख पट भरते. प्लुटो त्याच्या परिसरातल्या बाकीच्या मालाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. एक आपल्या वाटेचा मालक, दुसरा गर्दीतला एक.

आता आठांतही एकसारखे आठ नाहीत, आणि मुलीच्या पुस्तकात याच भागाला जास्त जागा हवी होती. सगळं शंभर कोटी पट लहान करून कोल्हापुरात मांडू. भवानी मंडपात एक मीटर चाळीस सेंटिमीटर व्यासाचा गोळा, तो सूर्य. अठ्ठावन्न मीटरवर मुगाचा दाणा म्हणजे बुध. एकशे आठ मीटरवर एक काबुली चणा, शुक्र. दीडशे मीटरवर दुसरा काबुली चणा, तो आपण, आणि पृथ्वीपासून हातभराहून थोड्या कमी अंतरावर मसुराचा दाणा म्हणजे चंद्र. सव्वादोनशे मीटरवर वाटाणा, मंगळ. हे चार दगडाचे आणि लोखंडाचे, पाय ठेवायला जमीन असलेले. सगळे भवानी मंडपापासून चार मिनिटांच्या चालीत संपले.

पुढे मोठी मोकळी जागा. रंकाळ्याच्या दिशेने निघालात तर वाटेत, पावणेआठशे मीटरवर, सोललेल्या नारळाएवढा गुरू. बाकीचे सातही ग्रह एका पारड्यात घातले तरी गुरू त्यांच्या अडीच पट जड होतो. तसंच पुढे गेलात, १.४ किलोमीटर झाले, की तुम्ही रंकाळ्याच्या पाण्यात असाल, आणि शनीची जागा नेमकी तिथेच आहे. बारा सेंटिमीटरचा गोळा. शनीची घनता पाण्याहून कमी आहे, ०.६९, म्हणजे त्याच मालाचा गोळा रंकाळ्यावर सोडला तर तो तरंगेल. गुरू आणि शनी हे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे. उभं राहायला जमीनच नाही.

युरेनस आणि नेपच्यून म्हणजे दोन लिंबं. एक पावणेतीन किलोमीटरच्या पुढे, दुसरं साडेचारवर, म्हणजे दुसऱ्या दिशेने मोजलं तर शिवाजी विद्यापीठही मागे पडलं. त्यांच्यात पाणी, अमोनिया, मिथेन यांचा भरणा जास्त, म्हणून त्यांना गुरू-शनीच्या वर्गात न घालता बर्फाळ महाग्रह म्हणतात. चार दगडी, दोन वायूचे, दोन बर्फाळ. आणि प्लुटो? सरासरी सहा किलोमीटरवर, गोकुळ शिरगावच्या वाटेवर कुठेतरी पडलेला एक तीळ. आपला चंद्रसुद्धा त्याच्याहून मोठा आहे.

प्रश्न : आमचे आजोबा सांगत, प्लुटोचं गणित एका मराठी मास्तरांनी आधीच करून ठेवलं होतं. खरं आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरं आहे, आणि या प्रश्नाबद्दल तुमचे आभार. ते मास्तर म्हणजे व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४, नरगुंदचा. बागलकोटला शिक्षक होते, पुढे विजापूरला राहिले. शाळा सांभाळून त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, पंचांगाचं गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळावं म्हणून आयुष्य खर्ची घातलं. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख छापून आला. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असं त्यांनी मांडलं आणि नावंही दिली, ब्रह्मा आणि विष्णू.

त्यांची वाट समजायची तर गच्चीवर जाऊन साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून गुरू बघा. हात कठड्याला टेकवून धरा, नाहीतर चित्र हलतं. गुरूच्या दोन्ही अंगांना एका ओळीत सुईच्या टोकाएवढे ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, दिसतात, कधी चार, कधी तीन. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात. त्यांतल्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांच्या फेऱ्या अनुक्रमे सुमारे पावणेदोन, साडेतीन आणि सात दिवसांच्या, म्हणजे दर खेपेला दुप्पट. गणितज्ञ लाप्लासने या तालाचं गणित बांधलं होतं. केतकरांनी विचार केला, असाच ताल सूर्याच्या बाहेरच्या ग्रहांतही असेल, तर नेपच्यूनपुढचा गडी कुठे सापडेल? ब्रह्माचं अंतर त्यांनी काढलं, पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट, फेरी २४२.२८ वर्षांची. प्लुटोचं खरं अंतर ३९.५ पट आणि फेरी २४८ वर्षांची आहे.

यावरून प्लुटोचा शोध केतकरांनी लावला असं मी म्हणणार नाही. आकाशात तो शोधून काढला क्लाइड टॉम्बॉने, अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत, १८ फेब्रुवारी १९३० ला, आणि तो निघाला होता ही वेधशाळा उभारणाऱ्या लोवेलच्या गणिताच्या मागावर. लोवेलला हवा होता युरेनसला ओढणारा जड ग्रह. हाती आला चंद्राहून लहान गोळा. म्हणजे लोवेलचं जुळणं हा योगायोगच होता. केतकरांचं सगळं जुळलं असंही नाही, विष्णू काही सापडलेला नाही. पण तालाची कल्पना पोकळ नव्हती. नेपच्यून तीन फेऱ्या करतो तेवढ्यात प्लुटो दोन करतो, आणि म्हणूनच त्याची वाट नेपच्यूनच्या वाटेच्या आत शिरूनही दोघं एकमेकांजवळ कधी येत नाहीत. १९७९ ते १९९९ या काळात प्लुटो खरोखरच नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता.

प्लुटोची बातमी जाहीर झाली १३ मार्च १९३० ला. तारीख मुद्दाम निवडली होती. १७८१ मध्ये त्याच दिवशी हर्षलने युरेनस पाहिला होता, ज्याला आपली पंचांगं अजूनही हर्षलच म्हणतात. केतकर तेव्हा हयात होते, वय ७६. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.