पुलाला पूल जोडताना

आमच्या करजगीच्या परिसरातील अनेक घरांचे कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी मुंबईस किंवा पुण्यास राहते. ती मंडळी सणावारास किंवा गाणगापूरच्या दर्शनास म्हणून दुधनी स्थानकावर उतरली की मुंबईच्या गर्दीच्या गोष्टी निघावयाच्याच. या गोष्टींत एका पुलाचे नाव मध्यंतरी वारंवार येत असे. तो पूल म्हणजे अंधेरीचा गोखले पूल. एक पूल बंद झाला तर त्याचे एवढे काय, असे खेड्यात राहणाऱ्या आपणांस सहज वाटेल. परंतु त्या पुलाची हकीकत नीट पाहिली असता आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातील दोन-तीन धडे तेथे प्रत्यक्ष उभे असलेले दिसतात. म्हणून ती येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव धारण करणारा हा पूल १९७५ साली बांधला गेला. पश्चिम रेल्वेच्या रुळांमुळे अंधेरीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले आहेत. पूर्वेस पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि पश्चिमेस जुहूची वस्ती, यांची गाठ हा पूल घालून देतो. जवळच रुळांखालून जाणारा एक भुयारी रस्ता आहे खरा. पण मोठा पाऊस झाला की त्यात पाणी भरते आणि तो बंद करावा लागतो. तेव्हा पावसाळ्यात पुलाचे मोल दुप्पट होते.

३ जुलै २०१८ रोजी सकाळी, मुसळधार पाऊस कोसळत असता, या पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग रेल्वेच्या रुळांवर कोसळला. येणाऱ्या लोकल गाडीच्या मोटरमनने प्रसंगावधान राखून तात्काळ ब्रेक लावले व गाडी ढिगाऱ्यापाशी पोहोचण्याआधीच थांबविली. तरीही माणसे जखमी झाली व जीवितहानीही टळली नाही. गाडी न थांबती तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

पूल म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते? आपण पुलाकडे पाहतो तेव्हा तो डोंगरासारखा अचल वाटतो. वास्तविक तो सतत हालत असतो. आपल्या गावच्या लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे सांगावयास नको. तो धाव तापवून लाल करतो, ती फुगते, मग चाकावर बसवून वर पाणी ओततो, आणि ती आवळून घट्ट बसते. पुलाची पोलादी तुळईही उन्हाने अशीच वाढते व रात्री आखडते. गणितच करून पाहू. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाने तापला तर ०.००००१२ मीटरने वाढतो. तुळई ९० मीटर लांब आणि पहाटेच्या व दुपारच्या तापमानातील फरक ३० अंश धरला, तर वाढ ०.०३२४ मीटर म्हणजे सुमारे सव्वातीन सेंटिमीटर भरते. एवढी जागा तिला दिली नाही, तर ती खांब तरी ढकलील नाहीतर स्वतः तरी वाकेल. म्हणून पुलाच्या तुकड्यांमध्ये सांधे सोडतात आणि तुळईच्या टोकांखाली बेअरिंगे बसवितात. रबराचे थर व पोलादी पत्रे एकावर एक चिकटवून केलेली ही जाड गादी असते. गाडीच्या आसाला जसे वंगण, तशी पुलाला ही गादी. वजन खांबावर उतरवावयाचे आणि वरच्या भागास किंचित हालूही द्यावयाचे, अशी दोन कामे ती निमूटपणे करते. पण रबर कडक होते, त्यास चिरा पडतात. पुलाच्या आधी गादी म्हातारी होते. मुंबईतच पूर्व द्रुतगती महामार्गाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या शीवच्या उड्डाणपुलाखालची अशी १७० बेअरिंगे बदलण्याचे काम फेब्रुवारी २०२० मध्ये काढावे लागले. त्यासाठी गुरुवारी रात्रीपासून सोमवारी पहाटेपर्यंत रहदारी बंद ठेवीत व मधले दिवस पूल मोकळा करीत.

दुसरा शत्रू गंज. समुद्राकाठच्या खारट, दमट हवेत काँक्रीटच्या आतील सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडू लागतो. बाहेरून एखादी बारीक भेग दिसते एवढेच. भेग बुजवून वर रंग देणारा कारागीर असला म्हणजे तीही दिसत नाही!

गोखले पूल धोकादायक ठरल्यामुळे ७ नोव्हेंबर २०२२ पासून तो रहदारीस पूर्ण बंद करण्यात आला. लोकांची फार अडचण झाली. पलीकडे दिसणाऱ्या घरी जाण्यास पार्ल्याकडून वा आणखी लांबून वळसा पडू लागला. रुग्णवाहिका अडकल्या, शाळेच्या मुलांची घरून निघण्याची वेळ अलीकडे आली. कुरकुर झाली ती साहजिकच होती. तरीही पूल बंद करण्याचा निर्णय योग्यच होता असे आमचे मत आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला व त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्याही गेल्या. त्या रात्री तो पूल बंद असता तर ती माणसे घरी पोहोचली असती.

जुना पूल काढून नव्याची उभारणी सुरू झाली. रुळांवरचा जुना भाग काढण्याचे काम रेल्वेचे व नव्या पुलाच्या उभारणीचे काम बृहन्मुंबई महानगरपालिकेचे, अशी वाटणी होती. खाली गाड्या धावत असता वर काम करावयाचे, म्हणून हरियाणातील अंबाला येथे तुळईचे भाग घडवून ते मुंबईस आणले व जोडले. एकेक जोडलेली तुळई सुमारे ९० मीटर लांब आणि १,३०० टन वजनाची. ती रुळांवरून आडवी सरकवीत नेली व मग साडेसात मीटर खाली उतरवून जागी बसविली. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू खुली झाली.

आणि मग लोकांना एक विचित्र गोष्ट दिसली. जुहूकडून येणारा बर्फीवाला उड्डाणपूल पूर्वी गोखले पुलास येऊन मिळत असे. आता तो नव्या पुलाच्या कितीतरी खालीच संपत होता. रेल्वेच्या नव्या नियमानुसार रुळांवर अधिक मोकळी उंची सोडावी लागल्याने नवा पूल उंच झाला होता, आणि शेजारी मात्र जुन्याच उंचीवर राहिला होता. वर्तमानपत्रांतून पुष्कळ थट्टा झाली. दोन्ही पुलांचे नकाशे एका मेजावर फार उशिरा आले असावेत, असे आम्हांस वाटते. घर बांधताना उंबरठा आणि ओसरी यांची पातळी गवंडी आधी सुतळी लावून पाहतो. येथे ती सुतळी राहून गेली.

आता उपाय काय? बर्फीवाला पुलाचा तो भाग पाडून पुन्हा बांधावा, हा एक मार्ग. माटुंग्याच्या वीरमाता जिजाबाई तांत्रिक संस्थेतील तज्ज्ञांनी दुसरा सुचविला: तो पाडूच नका, उचला!

उचलावयाचा कसा, याचे उत्तर पास्कलच्या नियमात आहे. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो. एक चौरस सेंटिमीटरच्या लहान दट्ट्यावर दहा किलोचा भार दिला, तर शंभर चौरस सेंटिमीटरचा मोठा दट्ट्या हजार किलो उचलतो. मात्र लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर खाली जाईल तेव्हा मोठा केवळ एक सेंटिमीटर वर येईल; फुकट काही मिळत नाही. असे जॅक पुलाखाली लावून तो अगदी हळूहळू, सर्व बाजूंचा तोल राखून उचलावा लागतो. एक बाजू जरा पुढे गेली तरी काँक्रीट तडकावयाचे. अशा रीतीने तो भाग एका बाजूस १,३९७ मिलिमीटर व दुसऱ्या बाजूस ६५० मिलिमीटर वर घेतला. दोन आकडे वेगळे का, हे चतुर विद्यार्थ्याने ओळखले असेल. रस्ता सपाट उचलला असता तर मागच्या टोकाशी तशीच पायरी उरली असती; एक बाजू अधिक उचलल्याने चढ साधला. उचललेल्या भागाखाली वाढीव उंचीच्या बैठकी देऊन तो त्यांवर टेकविला व दोन पुलांमधील फट नव्या काँक्रीटने सांधली.

सांधल्यावर लगेच रस्ता मोकळा करता येत नाही. आपल्या घराचा स्लॅब टाकल्यावर आपण वर मातीची आळी करून पाणी साठवितो, ते सिमेंटला पाणी पिऊन घट्ट होण्यास वेळ मिळावा म्हणून. काँक्रीटची ताकद तपासण्याची रूढ मुदत २८ दिवसांची आहे. त्या दिवसांत काम थांबले आहे असे रस्त्यावरील माणसास वाटते; खरे काम तेव्हाच चाललेले असते.

४ जुलै २०२४ रोजी बर्फीवाला पुलावरून गोखले पुलावर पुन्हा वाहने जाऊ लागली. नव्या पुलाची दुसरी तुळईही त्याच वर्षी रुळांवर आली, आणि ११ मे २०२५ रोजी पूल दोन्ही बाजूंनी खुला झाला. बंद झाल्यापासून अडीच वर्षे लोटली होती. तो पादचारी मार्ग कोसळल्यास जवळजवळ सात.