जोडतारे आणि परिवलनाचा वेग

मघा नक्षत्राच्या पावसाकडे शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात. पण त्या पंधरवड्यात सूर्य आकाशाच्या त्याच भागात असल्यामुळे मघा तारा दिसत नाही. तो पाहावयाचा तर माघ-फाल्गुनातील रात्रीच बऱ्या. सिंह राशीतील हा तेजस्वी तारा आपल्यापासून सुमारे 79 प्रकाशवर्षे दूर आहे. अनेक दुर्बिणींनी टिपलेला प्रकाश एकत्र करून घेतलेली त्याची मोजमापे 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि हा तारा गोल नाही हे स्पष्ट झाले. त्याचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा जवळजवळ एक-तृतीयांशाने अधिक आहे. सूर्याला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे 25 दिवस लागतात. सूर्याहून कितीतरी मोठा असलेला मघा तीच फेरी सुमारे 16 तासांत पुरी करतो. हा वेग आणखी थोडा वाढला, तर विषुववृत्तावरील द्रव्य ताऱ्याला सोडून बाहेर पडू लागेल.

हा वेग त्याला कोठून मिळाला? याचे उत्तर त्याच्या सोबत्यात आहे. मघाच्या वर्णपटातील रेषा किंचित मागेपुढे सरकतात व हे सरकणे दर 40 दिवसांनी पुन्हा घडते, असे 2008 मध्ये जाहीर झाले. याचा अर्थ, एक अदृश्य तारा त्याच्याबरोबर परिभ्रमण करीत आहे. 2020 मध्ये त्या सोबत्याच्या स्वतःच्या प्रकाशाचीही खूण सापडली. तो एक श्वेत बटू, म्हणजे जीवन संपलेल्या ताऱ्याचा गाभा असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे तीन-दशांश आहे. एकट्या ताऱ्याचा इतका लहान गाभा मागे राहावयाचा, तर विश्वाच्या आजच्या वयाहूनही अधिक काळ लागेल. तेव्हा या ताऱ्याचे बाह्य कवच अकाली काढून घेतले गेले असले पाहिजे, आणि ते घेणारा मघाच होय.

हे कसे घडते ते पाहू. डोंगराच्या दोन बाजूंना दोन खोरी असावीत व मधल्या कण्यावर एकच खिंड असावी, अशी जोडताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाची रचना असते. जोडीतील अधिक वजनदार तारा आपले इंधन आधी संपवतो आणि फुगू लागतो. त्याचे खोरे काठोकाठ भरले, की वरचे द्रव्य खिंडीतून पलीकडे वाहू लागते. परंतु दोन्ही तारे परस्परांभोवती फिरत असल्याने हा ओघ सोबत्यावर सरळ कोसळत नाही. तो बाजूने येतो, आणि कोनीय संवेग बरोबर घेऊन येतो. कुंभार चाकाच्या कडेला काठी लावून ते गरगर फिरवतो, त्याप्रमाणे हे द्रव्य ताऱ्याला कडेकडून रेटा देते. आपल्या वस्तुमानाच्या पाच-दहा टक्के द्रव्य जरी ताऱ्याने असे स्वीकारले, तरी तो परिवलनाच्या कमाल मर्यादेपर्यंत पोहोचू शकतो, असे गणित सांगते. देणारा हलका आणि घेणारा जड झाल्यानंतर मात्र दोघांतील अंतर वाढत जाते. मघाच्या जोडीची आजची 40 दिवसांची कक्षा या वर्णनाशी जुळते.

हाच नियम न्यूट्रॉन ताऱ्याला लावला, की परिणाम अधिकच विस्मयकारक होतो. ठरावीक कालांतराने रेडिओ स्पंद पाठविणारा न्यूट्रॉन तारा म्हणजे स्पंदक. पहिला स्पंदक 1967 मध्ये सापडला. स्पंदक ऊर्जा खर्च करीत मंदावत जातो, म्हणून वेगवान स्पंदक तो तरुण स्पंदक, असा समज होता. 1982 मध्ये त्याला धक्का बसला. पोर्टो रिकोतील अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्याने डोनाल्ड बॅकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला 642 फेऱ्या घेणारा स्पंदक शोधून काढला. या सहकाऱ्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हे त्या वेळचे तरुण संशोधकही होते. त्यांना पुढे 2024 मध्ये शॉ पारितोषिक मिळाले. हा स्पंदक तरुण असता, तर त्याच्याभोवती स्फोटाचे अवशेष दिसावयास हवे होते. ते नव्हते, शिवाय त्याचा वेग अत्यंत सावकाश कमी होत होता. म्हणजे तारा म्हातारा होता, तरीही तरुणांहून चपळ होता.

त्याच वर्षी बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन व जी. श्रीनिवासन यांनी, तसेच स्वतंत्रपणे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी, एकच उत्तर सुचविले : मंदावलेल्या स्पंदकाला सोबत्याच्या द्रव्याने पुन्हा गती दिली. पण यात एक मोठी अडचण होती. या स्पंदकाला सोबतीच नव्हता! साक्षीदाराविना हा युक्तिवाद ग्राह्य कसा मानावयाचा?

पुरावा टप्प्याटप्प्याने हाती आला. 1988 मध्ये असा एक स्पंदक सापडला, की जो आपल्या प्रारणाने सोबत्याची वाफ करून टाकीत होता. यावरून सोबती नाहीसाही होऊ शकेल हे कळले. 1998 मध्ये सोबत्याचे द्रव्य ओढून घेत सेकंदाला 401 फेऱ्या घेणारा क्ष-किरण स्पंदक आढळला. म्हणजे गती मिळण्याची क्रिया चालू असतानाच पाहावयास मिळाली. 2013 मध्ये तर एकच तारा कधी क्ष-किरणांचा, तर कधी रेडिओ लहरींचा स्पंदक होतो, असे दिसून आले. दोन्ही अवस्था एकाच जीवनक्रमातील आहेत, याविषयी मग फारशी शंका उरली नाही.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने 2013 मध्ये जाहीर झालेला एक स्पंदक 2.16 मिलिसेकंदांत एक फेरी घेतो. त्याचा हलका सोबती तीन तासांच्या आतच त्याला प्रदक्षिणा घालतो आणि प्रत्येक प्रदक्षिणेत त्याला ग्रहण लावतो. सोबत्याभोवती पसरलेला वायू स्पंदकाच्या रेडिओ लहरी अडवतो, म्हणून हे ग्रहण घडते. ज्याने गती दिली, त्याचाच आता त्या गतीतून निघणाऱ्या ऊर्जेने क्षय होत आहे. ताऱ्याचे भवितव्य त्याच्या जन्माच्या वेळच्या वस्तुमानाने ठरते, हे खरे; पण जोडीत जन्मलेल्या ताऱ्याच्या बाबतीत शेजाऱ्याचा हिशेब मांडल्यावाचून ते सांगता येत नाही.