श्रीक्षेत्र उनपदेव : सातपुड्यातील उष्णोदक तीर्थ

जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात, अडावद गावाच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी श्रीक्षेत्र उनपदेव वसलेले आहे. येथे गोमुखातून गरम पाण्याची धार कुंडात पडते. याच परिसरात सुनपदेव हेही उष्णोदक स्थान आहे.

स्थानमाहात्म्य : येथे शरभंग ऋषींचा आश्रम होता. ऋषींना त्वचारोगाने ग्रासले असता वनवासकाळी आलेल्या श्रीरामांनी बाण मारून उष्ण जल प्रकट केले व त्या स्नानाने ऋषी व्याधिमुक्त झाले, अशी लोकश्रद्धा आहे. श्रीराम व शरभंग मुनी यांची भेट वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात वर्णिलेली आहे. बाणाची कथा मात्र या भूमीची स्वतःची आहे.

उष्णोदकाचे कारण : येथे जागृत ज्वालामुखी नाही. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी काळ्या पाषाणातील भेगांतून खोल मुरते. भूगर्भात दर किलोमीटर खोलीस साधारणतः २५ ते ३० अंश उष्णता वाढते. तापलेले पाणी भेगांच्या वाटेनेच पुन्हा वर येते. म्हणजेच डोंगरावरील वन राखणे हे तीर्थ राखण्यासारखेच आहे.

येथील रहिवासी : या डोंगरपट्ट्यात पावरा, भिल्ल व तडवी समाजांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. पावरा बांधवांची पावरी ही स्वतंत्र बोली असून होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण होय. होळीपूर्वीच्या आठवड्यात गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल-बासरीच्या नादात तेथे होळीच्या पूजेचे साहित्य, डाळ्या व गूळ यांची खरेदी होते. बाहेरचे लोक यास विवाह जुळविण्याचा बाजार समजतात. तो समज चुकीचा असल्याचे समाजातील जाणकार सांगतात. भाविकांनी पाड्यावर जाताना अनुमती घ्यावी व विचारल्यावाचून छायाचित्रे काढू नयेत.

स्नानाविषयी : त्वचाविकार बरा व्हावा या आशेने अनेक भाविक येथे येतात. श्रद्धेने स्नान अवश्य करावे. परंतु अंगावर बधिर चट्टा असल्यास विशेष जपावे. कुष्ठरोगात संवेदना हरपते, त्यामुळे गरम पाण्याने भाजले तरी कळत नाही. अशा व्यक्तीस सोबतच्या माणसाने पाणी हाताने पारखून द्यावे व गोमुखाच्या धारेखाली थेट बसवू नये. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला असून शासकीय आरोग्य केंद्रांत हे औषध विनामूल्य मिळते. उपचार साधारणतः ६ ते १२ महिन्यांचा असतो. तीर्थस्नानास्तव औषध थांबवू नये. लवकर उपचार घेतल्यास हातापायांचे व्यंग टळते.

कुंडात साबण, निर्माल्य अथवा वस्त्रे टाकू नयेत. हे जल जसे यात्रेकरूंचे, तसेच खालच्या शिवारांचे व गुराढोरांचेही आहे. ते निर्मळ राखणे हीच या तीर्थाची सेवा होय.