बारावीच्या उंबरठ्यावर : पेण व रोहे तालुक्यांतील व्यवसाय मार्गदर्शनाचा विचार

गणेशमूर्तींसाठी देशोदेशी नाव पावलेले पेण आणि कोकण रेल्वेचा आरंभ जेथून होतो ते रोहे, ही रायगड जिल्ह्यातील दोन महत्त्वाची तालुक्याची गावे होत. १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. नावाबरोबर जिल्ह्याचे रूपही पालटले. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल आणि डोलवीचा पोलाद कारखाना उभा राहिला. आज येथील अनेक कनिष्ठ महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना कारखान्याचे धुराडे घरच्या अंगणातून दिसते. परंतु त्या कारखान्यात कोणते काम चालते, त्यासाठी कोणते शिक्षण लागते आणि ते शिक्षण कोठे मिळते, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र बारावीच्या वर्गातील फार थोड्या मुलामुलींना देता येतात. व्यवसाय मार्गदर्शनाची गरज नेमकी येथे आहे.

दोन वर्षांचा हेतू

कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींना अनुसरून महाराष्ट्रात १९७५ पासून १०+२+३ हा आकृतिबंध अमलात आला आणि अकरावी-बारावीची कनिष्ठ महाविद्यालये सुरू झाली. शालेय शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याने आपली आवड व कुवत ओळखावी आणि काहींनी उच्च शिक्षणाकडे, तर काहींनी थेट व्यवसायाकडे वळावे, हा या दोन वर्षांमागील हेतू होता. द्विलक्षी व किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम याच विचारातून पुढे आले. व्यवहारात मात्र ही दोन वर्षे बहुतेकांच्या बाबतीत केवळ पदवीची पायरी ठरली. विज्ञान हुशारांसाठी, वाणिज्य मध्यमांसाठी आणि कला उरलेल्यांसाठी, अशी एक चुकीची उतरंड समाजाच्या मनात रुजली. गुणांवरून शाखा ठरली, शाखेवरून पदवी ठरली आणि पदवी हाती आल्यानंतर नोकरीचा विचार सुरू झाला. हा क्रम उलटा आहे.

हा क्रम सुलटा करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्येच व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्य हाती घेतले होते. राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. चाचणीमुळे मुलाचा कल कळतो, ही गोष्ट खरीच. परंतु कल कळल्यावर पुढची वाट कोणीतरी समजावून द्यावी लागते. ‘तांत्रिक कल’ असे लिहिलेला कागद हाती घेऊन घरी गेलेल्या मुलाच्या पालकांना तालुक्यात कोणती तांत्रिक संस्था आहे हेच ठाऊक नसेल, तर त्या कागदाचा उपयोग मर्यादित राहतो.

परिसरातील कामाची ओळख

म्हणून मार्गदर्शनाचा पहिला पाठ परिसरापासून सुरू व्हावा. रासायनिक कारखान्याचेच उदाहरण घेऊ. तेथे केवळ अभियंते आणि हमाल असतात, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात संयंत्र चालविणारे, मापन उपकरणांची देखभाल करणारे, प्रयोगशाळेत नमुने तपासणारे आणि यंत्रांची दुरुस्ती करणारे असा कुशल कामगारांचा मोठा वर्ग मध्ये असतो. याच कामांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसाय यादीत अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केमिकल प्लांट, लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट असे स्वतंत्र व्यवसाय आहेत. त्यांचा पाया दहावीचे विज्ञान व गणित हाच आहे. पेण येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे, तर जिल्ह्यातच लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला, तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला, पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाण्याचे असे पूल ठिकठिकाणी आहेत. ते दाखवून देणारा माणूस हवा.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला तांत्रिक शिक्षणाचे दार कायमचे बंद झाले, हा समज बरोबर नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील बहुतेक व्यवसायांसाठी दहावीची पात्रता पुरते. बारावीनंतरही तेथे जाता येते आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट, अकरावी विज्ञानात प्रवेश घेताना गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेतले, तर अभियांत्रिकीचा मार्ग बहुतांशी दुरावतो, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगितले गेले पाहिजे. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून संपूर्ण राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होऊ लागले आहेत. पूर्वी प्रवेशाच्या खिडकीपाशी एखादे गुरुजी दोन शब्द सांगत असत. आता पसंतीक्रम भरण्यापूर्वीच ते शब्द विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी माध्यमिक शाळेवर येते.

कारखान्यांखेरीजही या परिसरात काम आहे. पेण, हमरापूर, जोहे या गावांतील मूर्तिशाळांत साचा, रंगकाम आणि डोळ्यांची आखणी यांत मुरलेले हात आहेत. या धंद्याला पुढील पिढीत मालाचा हिशेब, वस्तू व सेवा कर, बांधणी, निर्यात आणि पर्यावरणाचे नियम जाणणारी माणसेही हवी आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे क्षेत्र परके नाही. ज्याचा हात चित्रकलेत चांगला आहे, त्याने शालेय वयातच शासकीय रेखाकला परीक्षा द्याव्यात आणि कला महाविद्यालयाचा विचार करावा. पोहे, पापड, मिरगुंड यांसारखे पेणचे गृहउद्योग, तसेच भिरा जलविद्युत केंद्रातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर कोलाडजवळ कुंडलिका नदीत चालणारे नौकानयन, हीदेखील शिकून करावयाची कामे आहेत.

‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ

गावोगावच्या सभांत स्थानिकांना रोजगार देण्याची मागणी नेहमी होते आणि ती रास्तच आहे. शासनाकडून प्रोत्साहने घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के व एकूण पदांवर ८० टक्के स्थानिक व्यक्ती घ्याव्यात, असे राज्याचे धोरण आहे. परंतु या धोरणात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती होय; ती त्याच गावची वा तालुक्याची असली पाहिजे असे नव्हे. त्यामुळे धाटावच्या कारखान्यातील जागेवर रोह्याच्या तरुणाइतकाच राज्याच्या दुसऱ्या टोकाचा प्रशिक्षित तरुणही स्थानिकच ठरतो. गावाच्या जवळिकीचा लाभ मिळवावयाचा असेल, तर त्या जागेला लागणारी पात्रता गावातच तयार झाली पाहिजे. मोर्चाने जे साधणार नाही, ते दोन वर्षे आधी केलेल्या मार्गदर्शनाने साधू शकेल.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हे यासाठी एक प्रभावी साधन आहे. ३० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांत उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. रासायनिक वसाहतीच्या बाबतीत ही अट विसरून चालणार नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही बारावी उत्तीर्णांचा अंतर्भाव करण्यात आला. मात्र शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरीची हमी नव्हे, हे प्रथमच स्पष्ट करावे. अपेक्षाभंगाने जितके नुकसान होते, तितके अज्ञानानेही होत नाही.

कागदपत्रांअभावी हुकणारी संधी

मार्गदर्शनाची बहुतेक भाषणे ध्येय, जिद्द आणि परिश्रम यांवर होतात. ही भाषणे अवश्य व्हावीत. परंतु ग्रामीण विद्यार्थ्याची संधी अनेकदा हुकते ती जिद्दीअभावी नव्हे, तर एका दाखल्याअभावी. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे पाहिले जातात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला वा जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील उतारा शोधण्यास कित्येक महिने लागतात. बारावीचा निकाल लागल्यावर हे काम हाती घेतले, तर प्रवेशाची मुदत टळते. अकरावीच्या पहिल्या सत्रातच अर्ज तयार करणे हाच यावरील उपाय होय.

ही अडचण सर्वांत तीव्र आहे ती कातकरी कुटुंबांच्या बाबतीत. कातकरी ही केंद्र शासनाने आदिम म्हणून मान्य केलेली जमात दोन्ही तालुक्यांतील वाड्यांवर राहते. अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, तेथे त्यांचा शाळेचा दाखला मिळणार कोठून? अशा वेळी महसुली नोंदी व गृहचौकशी यांच्या आधारे पुरावा उभा करण्यास साहाय्य करणे हे ग्रामपंचायत, तलाठी आणि पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांचे संयुक्त काम ठरते. बारावीपर्यंत पोहोचलेले कातकरी मूल वाडीतील कदाचित पहिलेच असते. त्याची वाट कागदापाशी अडली, तर पाठीमागून येणाऱ्या धाकट्यांचाही धीर खचतो.

साहाय्याच्या योजना आहेत. त्या वेळेवर कळावयास हव्यात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, शिक्षण शुल्कासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि निर्वाहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना राबविल्या जातात. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून पूर्णपणे माफ करण्यात आले आहे. पैशाअभावी मुलीला पुढे शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्या पालकाला ही माहिती देणारा शिक्षक हाच खरा मार्गदर्शक होय.

कोणी काय करावे

शिक्षकांनी मार्गदर्शन तीन टप्प्यांत करावे. नववी-दहावीत परिसरातील व्यवसायांची व शाखांची ओळख, अकरावीत कागदपत्रांची पूर्तता व औद्योगिक भेट आणि बारावीत प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्ती व उमेदवारीचे अर्ज, अशी ही विभागणी असावी. प्रत्येक विद्यार्थ्याचे एक नोंदपत्रक ठेवले, तर कोणाचा कोणता दाखला राहिला हे एका दृष्टिक्षेपात कळेल. या कामासाठी निधीपेक्षा नियमितपणाची अधिक गरज आहे.

पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील अकरावी-बारावीच्या मुलामुलींची यादी करावी आणि जूनपूर्वी एक ग्रामसभा याच विषयावर घ्यावी. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून राखून ठेवावयाच्या १५ टक्के निधीतून अर्जाचा खर्च वा अभ्यासिका यांचा विचार होऊ शकतो. अधिकाऱ्यांनी महाविद्यालयातच दाखल्यांची शिबिरे भरवावीत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. प्रवेशाच्या हंगामात या मुदतीला विशेष अर्थ असतो. अलिबाग येथील जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, तंत्रनिकेतन आणि उद्योगांचे प्रतिनिधी यांना वर्षातून एकदा तरी एका व्यासपीठावर आणणे कठीण नाही.

रोह्याच्या परिसरात ज्यांचे बालपण गेले, ते चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढे १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. असामान्य बुद्धीचा माणूस आपली वाट स्वतः शोधतो. परंतु मार्गदर्शनाची योजना करावयाची ती असामान्यांसाठी नव्हे. पन्नास-साठ टक्के गुण मिळविणारा, सकाळची गाडी धरून महाविद्यालयात येणारा आणि घरी विचारावयास कोणी नसलेला जो विद्यार्थी, त्याच्यासाठी ती करावयाची आहे. त्याला योग्य वेळी योग्य माहिती मिळाली, तर अंगणातून दिसणाऱ्या धुराड्याकडे तो परकेपणाने पाहणार नाही. तेथे आपल्यालाही जागा मिळू शकते आणि नको असल्यास दुसरी वाटही धरता येते, हे त्याला उमजेल.