'तुंबाड' बोलपट व आखानाचा डेरा

यंदा शास्त्रपाठ संपल्यावर आठवीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, भुताच्या वाड्याचा बोलपट पाहिला तर ख्रिस्ती मुलास पाप लागते काय?" त्याचा रोख 'तुंबाड'कडे होता. चौकशी करता निम्म्या वर्गाने तो मोबाईलवर पाहिल्याचे कळले. आम्हीही तो पाहिला असल्यामुळे रागावण्याचा आमचा अधिकार थोडा उणा झाला. तथापि हे प्रथमच सांगणे प्राप्त आहे की, सेन्सॉर मंडळाचा दाखला केवळ प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांखालील मुलांनी तो पाहावयास नको होता; आणि हाती यंत्र देऊन जे वडीलधारे निश्चिंत झाले, त्यांचा दोष मुलांहून अधिक आहे.

आता प्रश्नाकडे वळू. भिणे हे पाप नव्हे. रात्री सरोवरावर प्रभूस चालत येताना पाहून शिष्यही भूत समजून ओरडले होते. प्रभूने त्यांस धीर दिला. तेव्हा भय वाटले की नाही हे न पाहता, त्या भयाने मनास कोठे नेऊन सोडले हे पाहावे. कित्येक बोलपट अंगावर काटा आणून पैसे घेतात व मोकळे होतात. 'तुंबाड' त्यांपैकी नव्हे.

राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी बोलपट २०१८ साली प्रसिद्ध झाला व २०२४ च्या सप्टेंबरात चित्रपटगृहांत पुन्हा आला. कथा कोकणातील; काळ १९१८ पासून १९४७ नंतरपर्यंतचा. समृद्धीच्या देवीचा ज्येष्ठ पुत्र हस्तर सोने बळकावतो, आणि धान्यावर हात टाकू जाताच इतर देव त्याजवर तुटून पडतात. आई त्यास आपल्या उदरात लपविते. (हस्तर कोणत्याही पुराणातील नव्हे, चित्रकर्त्यांची ती कल्पना आहे. आपल्या हिंदू शेजाऱ्यांस त्यावरून कोणी बोलू नये.) वाड्याखालच्या त्या गर्भात विनायक नावाचा मनुष्य उतरतो, कणकेची बाहुली दाखवून भुकेल्या हस्तरास गुंतवितो आणि त्याच्या लंगोटातील मोहरा चोरतो. पुढे तीच विद्या तो आपल्या लहान मुलास, पांडुरंगास, शिकवितो. आम्हांस अंगावर शहारा आला तो येथे. राक्षस तर भिंतीआड होता. पण बाप पोटच्या पोराचा हात धरून त्यास चोरीचा सराव करवीत होता.

हे पाहताना आम्हांस यहोशवाच्या पुस्तकातील आखान आठवला. यरीहोच्या लुटीतून त्याने एक उंची झगा, दोनशे शेकेल रुपे व पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट उचलली आणि आपल्या डेऱ्यात जमिनीखाली पुरली. वरून डेरा इतरांसारखाच दिसत असेल. मुले त्याच जमिनीवर निजत असतील. शेवटी त्याच्याबरोबर त्याच्या मुलाबाळांचाही नाश झाला. हा अध्याय शिकविणे आम्हांस दरवर्षी जड जाते. यहेज्केल संदेष्ट्याने पुढे स्पष्टच सांगितले की, बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. पांडुरंगाची अखेर आम्हांस त्या वचनाजवळची वाटते: शापित झालेला बाप लंगोट पुढे करतो आणि मुलगा तो नाकारतो.

कंधारच्या वाचकांस हे दूरचे वाटू नये. राष्ट्रकूटांच्या काळापासून नावाजलेले गाव, खंदकाने वेढलेला किल्ला. अशा ठिकाणी पुरलेल्या धनाच्या गोष्टी निघावयाच्याच. गोष्टी ऐकण्यास हरकत नाही. परंतु गुप्तधनापायी अघोरी कृत्ये करणारे आजही आहेत, म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, व अशी कृत्ये त्यात गुन्हा ठरविली आहेत.

एका ठिकाणी मात्र आमचे या बोलपटाशी पटत नाही. लोभाचा शेवट तो दाखवितो, लोभ्याची सुटका दाखवीत नाही. विनायक अखेरीस बाहुल्या स्वतःच्या अंगास बांधून मुलास वाचवितो. येथे त्याच्या ठायी प्रीती जागी झाली असे आम्ही समजतो. पण त्या प्रीतीस उत्तर मिळते ते अग्नीचे. जक्कय जकातदारही लोभीच होता. प्रभू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, आणि त्याने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. तुंबाडच्या वाड्यात कोणी एक मोहरही परत केली नाही, करावी असे कोणी सुचविलेही नाही. घरातील स्त्रिया सर्व जाणतात व सोसतात. त्यांस बोलावयास जागा फारच थोडी दिली आहे. पांडुरंग त्या वाड्यातून कोणाकडे जातो, त्यास पुढे कोण जवळ घेते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विचारले असते तर आम्हांस अधिक आनंद झाला असता.

आणखी एक. हस्तरापाशी सोने अमाप, तरी तो उपाशी आहे. चिमूटभर पिठासाठी धावतो. प्रभूने प्रार्थना शिकविताना रोजची भाकर मागावयास सांगितले, मोहरा नव्हे. ज्या घरी १९७२ चा दुष्काळ पाहिलेली आजी असेल, त्या घरच्या मुलांनी तिजजवळ बसून विचारावे की, त्या वर्षी खडी फोडावयास जाताना तिच्या अंगावर किती दागिने उरले होते, आणि ज्वारी कोठून आणली.